सात आठे चोपन्न

आमच्या शाळेत दोन सख्ख्या जावा शिकवायच्या. सगळे त्यांना थोरल्या बाई आणि धाकट्या बाई म्हणत. मी चित्रकलेचा शिक्षक. स्टाफरूममध्ये दोघींच्या मधली खुर्ची माझी, त्यामुळे ठिणग्या आधी माझ्यावर उडायच्या.

धाकट्या बाईंकडे दुसरीचा वर्ग होता. गणित म्हटलं की पोटात गोळा येणारी पोरं. त्यांच्यासाठी बाईंनी शोधाशोधीचा खेळ काढला. चिठ्ठीवर गणित असायचं. जे उत्तर येईल त्या आकड्याचा कागद वर्गात कुठेतरी चिकटवलेला, आणि त्याच्यामागे पुढची चिठ्ठी. महिनाभर बाई घरी कागद कातरत बसल्या होत्या. तेव्हा थोरल्या बाई "पोरखेळ!" म्हणून हसल्या. मग तोच पोरखेळ तपासणीला आलेल्या मोठ्या साहेबांपुढे स्वतःच्या नावावर खपवून त्या पर्यवेक्षिका झाल्या.

"वहिनी, तो माझा खेळ होता," धाकट्या बाई घरी म्हणाल्या.

"अगं, घरातलंच तर आहे. तुझं काय नि माझं काय!"

नवरा म्हणाला, "सोडून दे." सासूबाई म्हणाल्या, "थोरली आहे ती." बाईंनी सोडलं नाही. वर्षभर मूग गिळून बसल्या.

पुढच्या तपासणीला थोरल्या बाईंनी पुन्हा तोच खेळ ठरवला. शिवाय वर्गही धाकटीचाच मागितला. तोवर ती पोरं तिसरीत गेली होती, आणि धाकट्या बाईही त्यांच्याबरोबर. आदल्या दिवशी धाकट्या बाई नव्या चिठ्ठ्यांची वही टेबलावर उघडी टाकून पाणी प्यायला गेल्या. थोरल्या बाईंनी इकडेतिकडे पाहिलं, मला तर हिशेबातच धरलं नाही, आणि पटापट पानांचे फोटो काढले.

धाकट्या बाईंनी परत येऊन वही मिटली. "सर, उद्या मागच्या बाकावर माझ्याशेजारी बसा," एवढंच म्हणाल्या.

तपासणीत थोरल्या बाईंनी फोटोंवरून उतरवून लावलेल्या पहिल्या तीन चिठ्ठ्या झकास सापडल्या. चौथीवर होतं: एका ओळीत सात बाटल्या, अशा आठ ओळी. "छप्पन्न!" पोरं ओरडली आणि धावली. खिडकी, कपाट, कचऱ्याची बादली, सगळं पालथं घातलं. छप्पन्न कुठेच नाही. थोरल्या बाईंनी घाईघाईने फोन पाहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "चुकलात! चोपन्न शोधा. सात आठे चोपन्न!"

साहेबांनी चष्मा काढला. "बाई, जरा पुन्हा म्हणा."

थोरल्या बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. माझ्या शेजारी धाकट्या बाई अशा बसल्या होत्या, जणू कडक उन्हातून सावलीत आल्या.

तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या मुलीने डोळे पुसत खोडरबर काढलं आणि आपल्या कागदावरचं छप्पन्न खोडू लागली. वर्षभरापूर्वीपर्यंत बोटं मोजायलाही घाबरायची ती. धाकट्या बाई ताडकन उठल्या.

"खोडू नकोस गं. तुझंच बरोबर आहे. वहीत मीच मुद्दाम चुकीचं लिहिलं होतं."

"मुद्दाम?" साहेब म्हणाले. "का?"

"वही माझी आहे, साहेब. खेळही माझा."

थोरल्या बाईंचं पद गेलं. धाकट्या बाईंनाही लेखी ताकीद मिळाली. घरात दोन चुली झाल्या.

"पश्चात्ताप होतो का?" मी एकदा विचारलं.

"त्या पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं, त्याचा होतो," बाई वह्या तपासत म्हणाल्या. "जाऊबाईंचं म्हणाल, तर पुढची आणखी दोन उत्तरं चुकवली होती, सर. तिथवर पोचलोच नाही."