राहीची गोधडी

"आत्याबाई, काचेला हात लावू नका. तो वॉचमन बघतोय," सुकन्या सासूच्या कानाशी लागली.

"म्या कुटं लावला? निस्ता कोयता बघतीय." लंकाबाईनं काचेला नाक टेकलं. "ह्यो हितं कशापायी ठिवलाय गं? आपल्या घरी चार हायेत, गंजत पडलेले."

"जुना असेल."

"मंग मलाबी ठिवा म्हनावं काचंत."

सुकन्या हसली, पण सासू हसत नव्हती. जामखेडकडच्या वस्तीवरून दोघी आदल्या दिवशी एसटीनं पुण्याला आल्या होत्या, हडपसरला पाहुण्यांकडं राहिल्या होत्या. संग्रहालयाच्या मागच्या दालनात गोधड्यांचं प्रदर्शन होतं आणि ते अकराला उघडणार होतं. तोवर सुकन्या सासूला दिवे, जाती, पितळी हंडे दाखवत हिंडवत होती. लंकाबाईचं लक्ष मात्र त्या बंद दाराकडं.

लंकाबाईनं ऊसतोडीचे वीस-बावीस हंगाम काढले. तिसऱ्या हंगामात, कारखान्याच्या तळावरच्या पाचटाच्या कोपीत, तिची राही तापानं गेली. आठ महिन्यांची पोर. जावळ गावी जाऊन देवापुढं काढू म्हणत होते, ते राहूनच गेलं. मातीत ठेवण्याआधी लंकाबाईनं एक बट कापून पदराच्या गाठीत बांधली. हंगाम संपल्यावर घरी येऊन तिनं गोधडी शिवायला घेतली.

त्यांच्या घरात शेवटचा कोपरा शिवताना आत भाकरीचा कुटका घालायची रीत. गोधडी उपाशी नसली, तर पांघरणाराही उपाशी राहत नाही म्हणतात. लंकाबाईनं कुटक्यासोबत ती बटही आत सारली आणि वरून टाके घातले. नवऱ्याला सांगितलं नाही, कुणालाच नाही. ती गोधडी तिनं ना कधी पांघरली ना तळावर नेली. कोठीवर घडी घालून ठेवली, ती ठेवलीच.

मागच्या हंगामात ती तोडीला गेलेली असताना दारात बोहारीण आली. सुकन्यानं चार जुन्या साड्या पुढं केल्या, पण त्यांवर पिठाचा डबा द्यायला बोहारीण तयार होईना. "अजून कायतरी टाक की गं बये!" मग सुकन्यानं कोठीवरची ती विटकी गोधडीही टाकली.

लंकाबाई परत आली आणि कोठीकडं बघत उभी राहिली. "गेली तर गेली," एवढंच म्हणाली, पण दोन दिवस जेवली नाही. आपल्या हातून काहीतरी मोठं गेलंय, हे सुकन्याला तेव्हा कळलं. काय, ते विचारायची छाती झाली नाही. पुढं एकदा मोबाईलवर या प्रदर्शनाचे फोटो दिसले. हिरव्या खणाचं मधलं ठिगळ, भोवती तांबडी किनार, तीच गोधडी. तिनंच सासूला फोटो दाखवला आणि चला म्हणाली.

अकराला दार उघडलं. गोधडी समोरच्याच भिंतीवर होती, वर दिवा सोडलेला. खाली कार्ड. सुकन्यानं वाचलं, "कारागीर अज्ञात."

"म्हंजी?"

"म्हणजे... कुणी शिवली ते माहीत नाही."

लंकाबाई पुढं झाली. खालचा डावा कोपरा तिनं चिमटीत धरला आणि चाचपला. पुन्हा चाचपला.

"ओ मावशी! लांबून बघा!"

वॉचमनच्या ओरडण्यानं एक मुलगी धावत आली. संस्कृती तिचं नाव, गोधड्यांची देखभाल तिच्याकडं. "ही ह्यांनी शिवलीय," सुकन्या घाईनं म्हणाली, तसा संस्कृतीचा चेहरा उजळला.

"खरंच, आजी? किती शोधलं आम्ही तुम्हाला!"

"ह्या कोपऱ्यात ठिवलं हुतं, ते कुटंय?"

"भाकरीचा तुकडा ना? त्यानं कीड लागते, म्हणून मी उसवून साफ केलं. भुगा होता नुसता. आणि थोडे केस. उंदरानं वगैरे नेले असतील..."

"मंग?"

"टाकून दिलं, आजी. चार महिने झाले." मग तिला लंकाबाईचा चेहरा दिसला. "काही... महत्त्वाचं होतं का?"

लंकाबाईनं कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. टाके बारीक, एकसारखे.

"ह्ये तू घातलंस?"

"हो."

"हात चांगला हाय तुजा."

संस्कृती ओशाळली. काय करावं ते न सुचून तिनं पेन काढलं. "निदान कार्डावर तुमचं नाव तरी लिहिते. सांगा ना."

"राही."

सुकन्यानं चमकून सासूकडं पाहिलं.

"पुढं? आडनाव?"

"येवढंच लिव्ह."

परतीच्या एसटीत लंकाबाईनं खिडकीची जागा घेतली. शिरूर मागं पडलं तेव्हा सुकन्यानं विचारलं, "आत्याबाई, राही कोण?"

लंकाबाई खिडकीबाहेर बघत होती.

"तुजी ननंद."

सुकन्याला कोपऱ्यातले ते केस आठवले. मग सुकन्यानं पदर तोंडावर घेतला.

"रडू नगं. म्या कुनाला सांगितलंच न्हाई, मंग तुला कसं कळावं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी लंकाबाई भाकरीला बसली, तर बोहारणीकडून घेतलेला पिठाचा डबा जागेवर नव्हता. सुकन्यानं तो रिकामा करून दाराशी ठेवला होता. पीठ परातीत पडलं होतं.

"भंगारवाल्याला देते. मला बघवत नाही तो."

"आन पीठ कशात ठिवनार? उंदरं खात्याल." लंकाबाई उठली. डबा आत आणला, पदरानं पुसला, पीठ पुन्हा त्यात भरलं. झाकण लावायच्या आधी दोन मुठी काढून घेतल्या आणि भाकरी थापायला बसली.

पहिल्या भाकरीचा कुटका मोडून तिनं हातात धरला. तो ठेवायला आता कुठला कोपरा नव्हता. मग तिनंच खाल्ला.