‘ना’ गाळणारं पॅकेज

तक्रारीला आलेलं तिसरं उत्तर वाचलं आणि मी ऑफिसात मोठ्याने ओरडलो, “आवशीचो घो!” पणजीतल्या एसी ऑफिसात असं कुणी ओरडत नाही. सगळे वळून बघायला लागले. बघेनात का!

आमचा वाडा, म्हणजे आमची वस्ती, डिचोलीजवळ. वाड्यालगतच्या खाणीचा खड्डा खोल होत गेला तशा आमच्या विहिरी उन्हाळ्यात आटू लागल्या. शेजारच्या काकीने चार वर्षं रोज सकाळी आपल्या विहिरीत दोरी सोडून पाणी मोजलं आणि किती हात ते वहीत लिहिलं. वही मराठीत. पण तळ दिसला की ती लिहायची ‘ना’. कोंकणीतलं ‘ना’, म्हणजे पाणी नाही. राज्यात मराठी की कोंकणी म्हणून लोक हातघाईवर आले, काकीच्या वहीत मात्र दोघी एका ओळीत नांदत होत्या.

खाणीविरुद्धच्या आमच्या अर्जाच्या सुनावणीत या वहीचा आलेख मांडायचा आणि खड्डा आणखी खोल करणं थांबवायचं, एवढीच वाड्याची आशा. काम माझ्याकडे आलं, कारण संगणकातला माणूस मी. वही अक्षर न् अक्षर तशीच भरली. आलेखासाठी एक ओपन सोर्स पॅकेज, म्हणजे कुणालाही फुकट वापरता येणारी तयार प्रणाली, घेतलं. देवनागरी मजकूर आहे तसाच राहतो, असं त्याच्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्वच्छ लिहिलं होतं. ‘ना’ म्हणजे शून्य धर, हेही मी त्याला सांगून ठेवलं.

सुनावणीत खाणीच्या वकिलाने आमचाच कागद वर धरला. “यात विहीर एकही दिवस कोरडी नाही. मग तक्रार कसली?” अर्ज तिथल्या तिथे फेटाळला गेला. काकीने आपली वही मिटली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग खोदत बसलो. ते पॅकेज आतून दुसऱ्या एका पॅकेजवर अवलंबून होतं, आणि त्या दुसऱ्याची नवी आवृत्ती देवनागरीचं रोमन करत होती. ‘ना’चं झालं एन-ए. संगणकवाल्यांच्या लेखी एन-ए म्हणजे माहितीच नाही. मग काय, टाका ओळ गाळून! माझी सूचना पोचायच्या आधीच कोरडे दिवस साफ. आणि याबद्दल कुठे चकार शब्द लिहिलेला नाही.

पॅकेज बनवणाऱ्यांकडे रीतसर तक्रार नोंदवली. आवृत्त्या दिल्या, दोन ओळींचा नमुना दिला. पहिले म्हणाले, दोष आमचा नाही, त्या दुसऱ्यांना विचारा. दुसरे म्हणाले, आमचं बरोबर आहे, त्यांना डॉक्युमेंटेशन सुधारायला सांगा. परत पहिल्यांकडे गेलो तर उत्तर आलं: आकड्यांच्या रकान्यात शब्द लिहितंच कोण? तक्रार बंद.

कोण लिहितं? काकी लिहिते, मेल्यांनो! मी तसंच लिहून पाठवलं, फक्त ‘मेल्यांनो’ गाळून. भांडभांड भांडलो. दीड महिन्याने डॉक्युमेंटेशनमध्ये एक ओळ वाढली, आणि ‘ना’ ‘ना’च राहू लागलं.

हे सांगायला गावी गेलो. काकीच्या पडवीत बसून दोन्ही पॅकेजवाल्यांना यथेच्छ शिव्या घातल्या. काकीने सगळं ऐकून घेतलं.

“पूण बाबा,” ती म्हणाली, “कागद थंय दिवचे आदीं तुवें एकदां पळयलो ना?”

देण्याआधी नव्हता बघितला. दर मे महिन्यात त्या विहिरीचा तळ मी डोळ्यांनी बघत आलोय. आलेखातला मे महिना मात्र न बघताच छापला होता.