तळहाताने ऐकणारा जॉबर

जॉबरमामांचे कान मागांनी खाल्ले, पण त्यांनी मागांना कधी बोल लावला नाही. ज्याने आयुष्यभर पोट भरलं त्याने जाताना कान मागितले, तर नाही कसं म्हणायचं, असं ते म्हणत.

जॉबर म्हणजे कापडाच्या कारखान्यात माग बिघडला की तो ठीक करणारा माणूस. अठ्ठेचाळीस माग एकदम धडधडत असले, तरी कुठला लंगडतोय हे मामांना दारातच कळायचं. चपला काढून ते फरशीवर पाय टेकवत, सरळ त्या मागापाशी जात, त्याच्या चौकटीवर उजवा तळहात ठेवत आणि डोळे मिटत. "धोटा उशिरा येतोय," एवढंच म्हणत. धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारा लाकडी तुकडा. तो पापणी लवण्याइतका उशिरा आला तरी मामांच्या हाताला समजे.

मागांच्या त्या शेडमध्ये एक रीत होती. ठोका थांबला की आधी वीज तोडायची, मग कारण शोधायचं. धोटा मध्येच अडकला आणि वीज चालू राहिली, तर शेकडो उभे धागे एका झटक्यात तुटतात. दोन दिवस जोडत बसा. मामांनी चाळीस वर्षांत असे किती झटके वाचवले ते मागच जाणोत. ही रीत त्यांच्या मनात नव्हती, मनगटात होती.

निवृत्त झाले आणि घर त्यांना मुकं वाटू लागलं. खाण्यावरची वासना उडाली. मामी त्यांच्याशी ओठांनी बोलायच्या, आवाज न काढता, मागांच्या गोंगाटात शेडमधली माणसं बोलतात तशा. खोलीच्या या टोकाहून त्या टोकाला त्यांचं भांडणसुद्धा असं बिनआवाजी चाले. शेजाऱ्यांना वाटे, किती गुण्यागोविंदाने नांदतात.

मग मामांची भाची त्यांच्या माडीवर राहायला आली. दिवसा ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायची, संध्याकाळी लॅपटॉपवर संगीत करायची. पहिल्याच आठवड्यात मांडणीतले पेले एकमेकांवर आपटू लागले.

"वर कोण खिळे ठोकतंय?" मामी म्हणाल्या.

मामांना ऐकू आलं नव्हतं. पण जिन्याच्या पायरीवर त्यांचा पाय थबकला. ते वर गेले आणि त्यांनी भाचीच्या टेबलावर तळहात ठेवला.

"कितीचा माग आहे?" त्यांनी विचारलं.

"माग नाही मामा, संगीत आहे. मिनिटाला दीडशे ठोके. याला हार्डस्टाइल म्हणतात."

"आमचा साधा माग दीडशेनेच चालायचा." मामांनी डोळे मिटले. "ठोका बसतो आणि मागे शेपटी ठेवून जातो. दार आपटल्यावर कडी थरथरत राहते तसा."

भाची त्यांच्याकडे बघत राहिली. ही शेपटी जमवायला तिला तीन महिने लागले होते.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी तास भरू लागला. भाची या संगीताच्या वेगवेगळ्या प्रकारांचे अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे तुकडे लावायची, मामा हात ठेवायचे. एकशे ऐंशी ठोक्यांचं गॅबर लागलं तेव्हा त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"ठोका फाटलाय याचा."

"मुद्दाम फाडलाय."

"मुद्दाम? असं कापड काढलं असतं तर मला गेटबाहेर बसवलं असतं." पण हात त्यांनी काढला नाही. दुसऱ्या दिवशी स्वतःहून म्हणाले, "ते कालचं फाटकं लाव."

हॅपी हार्डकोरमध्ये धावत्या ठोक्यांवर पियानो नाचायचा. मामांच्या बोटांच्या टोकांना गुदगुल्या व्हायच्या. मामी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "हे जर आनंदी, तर दुःखी कसं असतं गं? भिंत पाडतं का?" फ्रेंचकोर दोनशेच्या पुढचं, त्यात दोन ठोक्यांच्या मध्ये आणखी एक धक्का, ते मामांना दोन माग एकमेकांना वाकुल्या दाखवतात तसं वाटलं. स्पीडकोर तीनशेच्याही वर गेलं तेव्हा मात्र ते हात झटकत म्हणाले, "हा बिनधोट्याचा नवा माग. ठोका कुठला, नुसत्या मुंग्या."

महिन्याभरात भाचीच्या मैत्रिणी त्यांची परीक्षा घ्यायला येऊ लागल्या. मामा पाठ फिरवून बसत, हात टेबलावर, आणि वाजणाऱ्या प्रकाराचं नाव सांगत. चुकले तर मामींना आनंद होई. तो आनंद त्यांना क्वचित मिळाला. जेवणात मात्र आता दोन घास जास्त जात होते.

गावाबाहेर सुताचं जुनं गोदाम होतं, आता ते हॉल म्हणून भाड्याने देत. भाचीला तिथे महिन्यातून एका रविवारी दुपारी वाजवायचं होतं. व्यवस्थापकाची अट एकच: विजेचा बोर्ड जुना आहे, मेन स्विचपाशी जाणतं माणूस उभं पाहिजे. पहिला रविवार नीट गेला तर पुढचं बोलू. मामांनी तसल्या बोर्डांपाशी अर्धं आयुष्य काढलं होतं. भाचीने दुसऱ्या कुणाचं नावही काढलं नाही.

तो रविवार. शंभरेक पोरं-पोरी उड्या मारत होती. मामा चपला काढून स्विचपाशी उभे, नवा शर्ट, छाती पुढे. पायांखालची फरशी पुन्हा धडधडत होती आणि तळव्यांतून गुडघ्यांपर्यंत त्यांचे जुने दिवस चढत होते. आणि एकाएकी ठोका थांबला.

मामांच्या मनगटाने विचार केला नाही. स्विच खाली आला, वीज गेली.

गोदामभर अंधुक दुपार पसरली. भाची यंत्रांवर हात ठेवून तशीच उभी. या संगीतात मध्ये एक मोठी पोकळी असते. ठोका काढून घेतात, वर फक्त लांबलचक सूर ठेवतात, माणसं ठोक्यासाठी तरसली की तो परत देतात. सगळं नाट्य त्या पोकळीत असतं. मामांना ते कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी तुकडे ऐकले होते, कापडाचं आख्खं ठाण कधी पाहिलं नव्हतं.

यंत्रं पुन्हा सुरू होऊन रंग भरेपर्यंत निम्मी पोरं बाहेर गेली होती.

"बहिऱ्या माणसाला इथे उभं केलंत?" व्यवस्थापक भाचीला म्हणाला. "आणखी एक रविवार देतो. पुन्हा असं झालं तर विषय संपला."

त्याची पाठ मामांकडे असती तर बरं झालं असतं. मामांनी ओठ वाचले.

चार दिवस ते माडीवर गेले नाहीत. पाचव्या दिवशी भाचीच खाली आली.

"हिच्या मैत्रिणी म्हणतात, स्विचपाशी वायरमनला उभं राहायला सांग," मामी बिनआवाजी म्हणाल्या.

"सांग," मामा भाचीला म्हणाले. "चांगला पोरगा आहे."

"चांगला आहे, पण मोबाईल बघत उभा राहील," भाची म्हणाली. "चला वर. आता आख्खं ऐकायचं. हवं तर तुमच्यासाठी ती पोकळी मी छोटी करते."

हे वाक्य मामांना लागलं. "जॉबर बहिरा म्हणून नक्षी कापतात का? आहे तेवढी ठेव."

मग ते शिकले. या वयात, रोज, ओल्या कपड्याने पाटी पुसावी तशी मनगटाची सवय पुसत. पोकळीतही लाकडात बारीक थरथर उरते, ती फरशीत येत नाही, म्हणून हात स्पीकरच्या पेटीवर ठेवायचा. आणि माणसांकडे बघायचं. पोकळी असली की त्यांचे हात वर जातात. बिघाड झाला की माना वळतात.

"खूण करू का तुम्हाला?" भाचीने विचारलं.

"मागावर खूण कोण करतं?"

दुसऱ्या रविवारी एक पेटी मेन स्विचपाशी आणून ठेवली होती. व्यवस्थापक हाताची घडी घालून दारात. मामी पहिल्यांदाच आल्या होत्या, कानात कापूस. सुरुवातीला भाचीची नजर सारखी स्विचकडे जात होती. मामांना ती दिसत होती. त्यांनी न बघितल्यासारखं केलं.

मग ठोका गेला.

मामांचा उजवा हात पेटीवरून उचलला गेला. तो स्विचच्या दिशेने निघालासुद्धा. त्यांनी डाव्या हाताने त्याचं मनगट धरलं, चुकार जनावराचा कासरा धरावा तसं, आणि पेटीवर परत आणून ठेवलं. लाकडात थरथर होती. समोर शंभर हात वर होते. एकही मान वळली नव्हती.

त्यांनी भाचीकडे पाहिलं. पोकळी लांबत चालली होती, आणि ती पाठमोरी होती, मान खाली, आपल्या कामात. स्विच कुठे आहे हे ती जणू विसरून गेली होती.

मामांनी डोळे मिटले. ठोका आला तेव्हा तो आधी त्यांच्या तळहातात आला, मग गोदामात.