केसांतला कापूस

तिळाच्या तेलाचा वास आला, की मला सासूबाईंची बोटं आठवतात. मी लग्न होऊन आले त्या साली अमेरिकेतल्या लढाईमुळे विलायतेला कापूस पुरत नव्हता आणि आमच्या अकोल्याच्या घरात तो ओसरीपासून माजघरापर्यंत भरला होता. मी नवी सून. केसांत अडकलेला कापूस न काढताच मी शिकेकाईनं न्हाले आणि केसांच्या पार जटा झाल्या. “आत्याबाई, कात्रीनं कापून टाका,” मी रडत सासूबाईंना म्हटलं. “कात्री काहून व? माहा लेक जित्ता हाये ना!” त्या कडाडल्या आणि तेलाची वाटी घेऊन बसल्या. उन्हं कलेपर्यंत त्यांनी एकेक बट सोडवली, मग ताक लावून मला पुन्हा न्हाऊ घातलं. मी वळले तेव्हा त्यांचा लाल पदर मागे सरकला होता. विधवेचं ते मुंडलेलं डोकं मी प्रथमच पाहिलं. आता तसाच पदर माझ्याही डोक्यावर आहे, पण सुनेला न्हाऊ घालायचं काम मी कुणाला देत नाही.