फुजी, बाबा आणि तीन लिटर पाणी

मी माझ्या वडिलांना पाणी पाजून आजारी पाडलं. गढूळ, नळाचं वगैरे नव्हे. चांगलं सीलबंद, जपानच्या डोंगरातलं पाणी!

तेव्हा आम्ही जपानमध्ये कावासाकीला राहत होतो. मोठ्या भूकंपाला दोन वर्षं झाली होती आणि त्या वेळी घाबरून आणलेले पाण्याच्या बाटल्यांचे खोके कपाटात तसेच पडून होते. त्यांची मुदत ऑगस्टमध्ये संपत होती आणि पुण्याहून बाबा जुलैत येत होते. (मी याला योगायोग म्हणतो. मुग्धा, म्हणजे माझी बायको, दुसरंच काही म्हणते.)

त्यात आमच्या ऑफिसात उन्हाळ्यातल्या तब्येतीवर व्याख्यान झालं. "वय झालं की तहान कळत नाही. ज्येष्ठांना न मागता पाणी द्या," एवढं मी ऐकलं. पुढे मीठ, घाम, औषधं यांवरही काही सांगितलं असणार, पण तेवढ्यात मला फोन आला आणि मी बाहेर गेलो. तेवढ्या पाच मिनिटांच्या ज्ञानावर मी घरातला तज्ज्ञ झालो!

बाबा शाळेत भूगोल शिकवायचे. तीस वर्षं त्यांनी फळ्यावर खडूने फुजी पर्वत काढला होता. "एकदा खरा बघायचाय रे," एवढीच त्यांची जपानकडून अपेक्षा होती. मी मात्र आल्या आल्या त्यांच्या बॅगेतली लोणच्याची बरणी जप्त केली (बी.पी.!), आमटीतलं मीठ निम्म्यावर आणलं आणि फ्रिजवर तक्ता लावला: रोज तीन लिटर.

"अरे, मला तहान नाहीये."

"बाबा, तेच तर लक्षण आहे!"

बिचारे प्यायले.

"निखिल, त्यांची बी.पी.ची गोळी आधीच लघवी वाढवणारी आहे," मुग्धा म्हणाली. "एखाद्या डॉक्टरला विचार तरी."

"डॉक्टर काय वेगळं सांगणारेत?" मी म्हणालो. आज हे वाक्य आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

दहाव्या दिवशी आम्ही तिघं क्योतोला निघालो. शिनकानसेनमध्ये, म्हणजे तिथल्या बुलेट ट्रेनमध्ये, बाबांसाठी मुद्दाम डोंगराच्या बाजूची खिडकी घेतली होती. उन्हाळ्यात फुजी बहुतेक ढगातच असतो, पण त्या दिवशी आकाश लख्ख! बाबा चष्मा पुसून तयार बसले. आणि अचानक उठले.

"मी जरा जाऊन येतो."

"बाबा, पाच मिनिटांत फुजी येतोय!"

"अरे, पाच मिनिटं निघायची नाहीत!"

फुजी आला. डब्यातले सगळे खिडकीकडे वळले. मुग्धा धावत जाऊन स्वच्छतागृहाचं दार ठोठावून आली. बाबा घाईघाईने परतले तेव्हा बाहेर कारखाने आणि भातशेती होती.

"आला का?"

"गेला," मी म्हणालो.

"असो. येताना बघू." ते खिडकीकडे तोंड करून बसले. मग म्हणाले, "डोकं जरा दुखतंय."

"पाणी कमी पडतंय!" मी म्हणालो आणि नवी बाटली उघडली.

क्योतोत उतरल्यावर बाबांना मळमळायला लागलं. मी पाणी दिलं. हॉटेलात शिरताना तोल गेला, पुन्हा पाणी! खोलीत बाबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि म्हणाले, "खाली बस. नकाशाची वही कुठाय?"

मी हसलो. मुग्धा हसली नाही. "निखिल, ते थट्टा करत नाहीयेत."

हॉस्पिटलात रक्त तपासलं. डॉक्टर वयस्कर, अतिशय मृदू बोलणारे. "सोडियम फार खाली गेलंय. रोज किती पाणी पितात?" मी मोबाइलमधला तक्त्याचा फोटो पुढे केला. (अभिमानाने! त्या क्षणीसुद्धा!) त्यांनी तो बराच वेळ पाहिला.

"नोंदी फार व्यवस्थित आहेत," ते म्हणाले. मग त्यांनी मला समजावलं: इतकं पाणी, मीठ जवळजवळ बंद, त्यात ती गोळी, रक्तातलं मीठ पार पातळ झालं होतं. आणखी उशीर झाला असता तर झटके आले असते, जीवावर बेतलं असतं. मी बाहेरच्या बाकावर बसून ढसाढसा रडलो.

तिसऱ्या दिवशी बाबा पूर्ण भानावर आले.

"बाबा, तुम्ही ठामपणे 'नको' का म्हणाला नाहीत?"

"तू रोज ऑफिसातून चार वेळा फोन करायचास, 'बाबा, पाणी प्यायलात का?' म्हणून. पुण्याला तुझा फोन महिन्यातून एकदा. म्हटलं, पिऊ."



परतताना फुजी पूर्ण ढगात होता. बाबा तरीही खिडकीला नाक लावून बसले होते. पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि त्यांचं जपानला येणं पुन्हा झालंच नाही.

आता मी पुण्याला गेलो की बाबांकडे कोणी ना कोणी येतंच आणि हटकून विचारतं, "काय मग, जपानमध्ये काय काय पाहिलंत?"

"स्वच्छतागृहं," बाबा गंभीरपणे सांगतात. "एकेक बघण्यासारखं!"

सगळे हसतात. मी तोंड लपवायला पाहुण्यांसाठी पाणी आणायच्या निमित्ताने उठतो, तर बाबा माझा हात धरून खाली बसवतात.

"तू बस रे. पाणी मी आणतो."