धूर नाही, तर धोका नाही

इस्त्रीवाल्याला गल्लीत सगळे ‘विस्तवपंडित’ म्हणत, आणि तो खुळा त्याला पदवी समजे. चाळीस वर्षं कोळशाची इस्त्री फिरवली, तेवढ्यावर त्याने ठरवून टाकलं होतं की आगीला ओळखणारा माणूस जगात एकच. बाकीचे नुसते भाजून घ्यायला जन्माला आलेले.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, रस्त्याकडे सताड उघडी. एक लांब फळी, तिच्यावर जागोजाग करपलेली जाड चादर, खाली कोळशाचं पोतं. सकाळी तो फूटपाथवर शेगडी पेटवायचा आणि पुठ्ठ्यानं वारा घालता घालता येणाऱ्याजाणाऱ्याची हजेरी घ्यायचा. शेजारच्या बेकरीवाल्यानं एकदा भट्टीतली राख प्लॅस्टिकच्या बादलीत भरली, तर यानं भर रस्त्यात त्याची सालटी काढली.

“राख म्हणजे मेलेला विस्तव वाटला का रे तुला? झोपलाय तो! कधी उठेल पत्ता लागणार नाही. पत्र्याच्या डब्यात भर, पाणी मार, मग टाक. अक्कल काय पावाबरोबर भट्टीत घातलीस?”

आता हे त्याचं बरोबरच होतं. त्याच्या दुकानात कधी ठिणगी उडून कपडा पेटला नाही. इस्त्री कायम विटेवर उभी, कपड्यांचा ढीग चार हात लांब, दुकान आवरताना कोळसे विझवलेले. पण हीच तर पंचाईत. मूर्ख माणूस अधूनमधून बरोबर निघाला, की त्याला आवरणं कुणाच्या बापाला जमत नाही.

त्याचा एक मंत्र होता : धूर नाही, तर धोका नाही. कोळसे धुमसताहेत तोवर शेगडी बाहेर. धूर संपला, निखारे लालबुंद झाले, की त्याच्या मते आग शहाणी झाली. आता तिला खुशाल घरात घ्या, उशाशी ठेवा.

त्या वर्षी थंडी हाडात शिरली. मागच्या खोलीत त्याची ब्याऐंशी वर्षांची आई खाटेवर पडून असे. पाय बर्फासारखे, जीभ मात्र गरमागरम. खोलीला एकच खिडकी, आणि तिचं दार फुगलेलं, कधी पूर्ण लागायचं नाही. बोटभर फट राहायची. पंडितानं शेगडी आईच्या खाटेजवळ नेऊन ठेवली. त्याच खोलीत त्याची सून शिवणयंत्रावर बसायची. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “बाबा, शेगडी आत आली की माझं डोकं जड होतं.”

“डोकं जड व्हायला त्यात काहीतरी असावं लागतं, सूनबाई.”

“आजीपण दुपारभर उठत नाहीत हल्ली. निदान खिडकी तरी सगळी उघडू द्या.”

“म्हणजे कोळसा मी जाळायचा आणि ऊब गल्लीला वाटायची? धर्मशाळा आहे का ही?”

खाटेवरून आजी म्हणाली, “अरे, मला मळमळतंय.”

“जास्त खाल्लंस, आई.”

“दोन घास खाल्ले मी!”

“दोनच, पण केवढे!”

शनिवारी दुपारी वारा सुटला. सून शिवलेले कपडे पोचवायला बाहेर गेली होती. पंडितानं संधी साधली. सहा महिने कोणी न्यायला न आलेली एका गिऱ्हाइकाची पॅन्ट घेतली, तिची गुंडाळी करून खिडकीच्या फटीत ठासली. खोलीचं दार आतून लोटून त्याच्या तळाशी टॉवेल कोंबला. भरलेली शेगडी मधे ठेवली आणि पाच मिनिटं पाठ टेकतो म्हणून आईच्या खाटेशेजारी आडवा झाला. धूर नव्हताच. सगळं कसं मंत्राप्रमाणे.

सून परतली तेव्हा दुकानात एक गिऱ्हाईक ताटकळत उभं होतं. इस्त्री विटेवर, शर्ट अर्धा झालेला.

“कुठे गेलेत हे? दहा मिनिटं झाली, एक शब्द ऐकू आला नाही.”

तिचा सासरा घरात आहे आणि आवाज नाही, असं आजवर झालं नव्हतं. तिनं खांद्यानं दार ढकललं. आत छान ऊब होती, निखारे सुंदर फुललेले, आणि दोघंही हाकेला ओ देत नव्हती. तिनं गरम इस्त्री बाजूला ठेवून खालची वीट उचलली, खिडकीच्या काचेवर घातली. मग श्वास रोखून आजीला गादीसकट ओढत रस्त्यावर आणलं. पंडिताला गिऱ्हाइकानं पाय धरून फरफटत काढलं. उंबऱ्यावर त्याचं डोकं आपटलं, पण नाहीतरी ते फारसं वापरात नव्हतं.

दवाखान्यात आजीला दोन दिवस ऑक्सिजनवर ठेवलं.

“निखाऱ्यातून विषारी वायू निघतो,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “त्याला वास नाही, रंग नाही. धूर निदान खोकायला तरी लावतो, हा नुसता झोपवतो. आणखी पाव तास, आणि आजी गेल्या असत्या.”

शेजारच्या खाटेवर ओकून ओकून पिवळा पडलेला पंडित पुटपुटला, “पण धूर नव्हता हो.”

आजीनं नाकावरचा मास्क वर केला. “धूर नव्हता. अक्कलही नव्हती.”

आता शेगडी फूटपाथवरच असते. आजीच्या पायाशी गरम पाण्याची पिशवी असते. पंडित काही लाजला, सुधारला, असं मात्र समजू नका. आठवड्यात तो बेकरीवाल्याला सुनवत होता, “निखारा बंद खोलीत कधी घेऊ नये! मी पहिल्यापासून सांगतोय, पण ऐकतो कोण?”

तेवढ्यात एक माणूस सायकलवरून उतरला. सहा महिने बाहेरगावी होता, त्याला पॅन्ट हवी होती. पंडितानं ती फळीखालून काढली. बोळ्यासारखी झाली होती, एका पायाला खिडकीचा गंज लागलेला.

“अहो, हिची ही दशा कशी झाली?”

पंडित पॅन्ट उलटीपालटी करू लागला. बेकरीवाल्यानं कान टवकारले.

आतून आजीचा खणखणीत आवाज आला, “सांग की रे! विचारतायत ना ते?”

पंडितानं तांब्या उचलला, तोंडात गच्च पाणी भरून घेतलं आणि पॅन्टवर फुर्रकन उडवलं. मग पुन्हा भरलं. तोंडात पाणी असलं, की उत्तर द्यावं लागत नाही.