एकवीस नंबरची सेटिंग

मशीनसाठी सर्किट बोर्ड तीन होते आणि त्यातला एक निवडायचं काम माझ्याकडे आलं होतं. मी नववीतून शाळा सोडलेला. माहिती सगळी इंग्रजीत. भाऊंच्या मोबाईलवर ती बघताना मी मान हलवायचो आणि चित्रांवरून अर्थ लावायचो. भाऊ मात्र अख्ख्या टाकवे गावात सांगून बसले होते, की आमचं पाव्हणं वायरिंगमधलं लय हुशार हाय, त्ये म्हणंल तोच बोर्ड.

पाव्हणं म्हणजे मी. माझं गाव नांदेडच्याही पलीकडे, तेलंगणाच्या शिवेला. तिथून येऊन आठ वर्षं घोरावाडी स्टेशनजवळ खोली करून राहिलो. इंदुरीच्या रस्त्याला एक कारखाना होता, प्रेसवर पत्र्याचे भाग ठोकून काढणारा. तिथे मी मेंटेनन्सला हेल्पर आणि भाऊ ऑपरेटर. पहिल्याच पावसाळ्यात मला टायफॉईड झाला. खोलीवाल्याने हात झटकले, तेव्हा भाऊंनी मला टाकव्याला त्यांच्या घरी नेलं. पंधरा दिवस त्यांच्या आईने, ज्यांना मी मावशी म्हणतो, मला भाताची पेज भरवली. सख्ख्या चुलत्याने विचारलं नव्हतं. त्यानंतर दर गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, माझं जेवण त्यांच्याकडेच.

भाऊंचा खरा जीव लाकडात. सुट्टीला पटाशी घेऊन ते घरांच्या नावांच्या पाट्या कोरायचे. वस्तीतल्या निम्म्या दारांवर त्यांचंच अक्षर आहे, विहाराच्या दारावरची पाटीही त्यांच्याच हातची. दोन वर्षांपूर्वी प्रेसने त्यांच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं घेतली. अंगठा आणि करंगळी राहिली. पटाशी त्या दोघांत टिकत नाही.

म्हणून हे मशीन. टेबलावर मावणारं, लाकूड कोरणारं. कॉम्प्युटरवर अक्षर काढायचं, मशीनने ते फळीवर उतरवायचं. चौकट आणि मोटरी आम्ही वर्षभरात जमवल्या. राहिला होता बोर्ड, म्हणजे मशीनचं डोकं: कुठली मोटर किती फिरवायची आणि कधी थांबवायची ते ठरवणारं.

पहिला बोर्ड स्वस्त, सगळे तोच वापरतात. दुसऱ्यात वायफाय. तिसरा दिसायला ओबडधोबड, पण त्यात बाहेरून येणारी तार थेट आत जात नव्हती. ती आधी एक बारीकसा दिवा पेटवते आणि पलीकडचा भाग तेवढा उजेड बघतो. तारेतली विजेची खळबळ बाहेरच राहते. तिसराच घ्यावा हे मला पहिल्या दिवशी कळलं होतं. पण का, असं भाऊंनी विचारलं असतं. मी स्वस्त बोर्डाला मान हलवली.

त्या ‘का’ची भीती का होती, ते सांगायला हवं.

भाऊंच्या प्रेसला सेन्सरचा पडदा होता. दोन खांब, मध्ये न दिसणारे किरण. हात आत गेला की प्रेस थांबायची. एके दिवशी तारांमधल्या अशाच खळबळीने तो पडदा उगाचच दगा द्यायला लागला. कुणाचा हात नाही, काही नाही, तरी प्रेस थांबायची. माल अडला. सुपरवायझर म्हणाला, बघ काहीतरी, शिफ्ट निघाली पाहिजे. भाऊ चहाला गेलेले. मी पॅनेल उघडलं आणि दोन टर्मिनलच्या मध्ये बोटभर तार टाकली. खांबावरचा दिवा पहिल्यासारखाच लागत होता, पण आता पडद्याचं प्रेस ऐकत नव्हती. संध्याकाळी काढू म्हटलं, आणि राहून गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डायमध्ये, म्हणजे साच्यात, पत्रा अडकला. पडदा आहे या भरवशावर भाऊंनी हात घातला.

त्यांना गाडीत घालून नेलं तेव्हा सगळे गेटकडे धावले. मी पॅनेलकडे. साहेब यायच्या आत तार माझ्या खिशात होती.

तपासणीत पडदा ठणठणीत निघाला. ऑपरेटरच्या निष्काळजीपणामुळे, असं कागदावर लिहिलं गेलं. सुपरवायझरने माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा कधी बघितलं नाही. मी नोकरीला भ्यालो, पोलिसाला भ्यालो, हात हलवत गावी परत जायला भ्यालो. नंतर भ्यायला लागलो ते गुरुवारच्या ताटाला. कारण भाऊंनी तो कागद खरा मानला होता. जेवताना अचानक म्हणायचे, हात पडद्याच्या खालनं गेला आसंल. पाटावर बसल्या बसल्या डाव्या हाताने उंची मापून दाखवायचे, एवढी फट व्हती बघ. मावशी म्हणायच्या, पहिल्यापास्नं घाईचा हाय, लहानपनी बी आसाच. आणि माझ्या पानात आणखी भात वाढायच्या. दोन वर्षं मी तो भात खाल्ला.

स्वस्त बोर्ड आला, बसवला. मशीनच्या टोकांना लिमिट स्विच असतात. सरकता भाग हद्दीबाहेर जाऊन आदळायला लागला तर स्विच दाबला जातो आणि मशीन थांबतं. आमचं मशीन न आदळताच थांबायचं. कोरणारी मोटर सुरू झाली की शेजारच्या तारांमध्ये खळबळ व्हायची आणि बोर्डाला वाटायचं स्विच दाबला. अक्षर अर्धं राहायचं. एका गुरुवारी सागवानाची तिसरी फळी वाया गेली तेव्हा भाऊ मोबाईल घेऊन बसले. एका व्हिडिओत उपाय सापडला. एकवीस नंबरच्या सेटिंगमध्ये शून्य टाकायचं, की बोर्ड त्या स्विचांकडे लक्षच देत नाही.

"टाक शून्य," त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "झालं मोकळं."

मी टाकेना. म्हणालो, तारा बदलून बघू. म्हणालो, आज राहू द्या. भाऊ हसले, त्यांच्या हातावरचा विनोद ते नेहमीच करायचे तसे.

"आरं, तुजी तर धाच्या धा हायेत. येक बटान दाबाया काय हुतंय?"

"भाऊ, हे मी एकदा केलंय."

"काय केलंयस?"

"तुमच्या प्रेसचा पडदा मी बंद केला होता. आदल्या दिवशी."

पुढचं सगळं मी एका दमात सांगितलं. दोन टर्मिनल, सुपरवायझर, संध्याकाळ, खिसा. मावशी ताट घेऊन दारात उभ्या होत्या. ते त्यांनी पुढे ठेवलं नाही आणि परतही नेलं नाही, हातात धरून तशाच राहिल्या. मला वाटलं भाऊ मारतील. त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि अजून वाटतं.

ते म्हणाले, "मंजी हात पडद्यातनंच गेलता?"

"पडद्यातूनच."

"खालनं न्हाई?"

"नाही भाऊ. खालून हात जाईल एवढी जागाच नव्हती."

ते मावशींकडे वळले. "आये, माजी घाई न्हवती गं," एवढंच म्हणाले. सांगत होते की विचारत होते, कळलं नाही. मावशी तिथेच उंबऱ्यावर बसल्या.

मग भाऊंनी पाट्यांच्या कागदांतला एक कोरा कागद माझ्यापुढे ठेवला. लिहून देशील का, असं विचारलं. देतो म्हणालो. अक्षर माझं पहिल्यापासून वाईट, तरी सगळं लिहिलं, तार काढून घेतल्याचंही. भाऊंनी कागद दोनदा वाचला. खाली तारीख घालायला लावली. घडी करून खिशात ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता जा तू."

मी कान्हे स्टेशनपर्यंत चालत आलो.

कागद लेबर ऑफिसात पोचला आणि त्याच आठवड्यात मला कामावरून काढलं. आता लोणावळ्याला एका हॉटेलात गिझर आणि पाण्याच्या मोटरी सांभाळतो. घरी फोनवर सांगितलं, चांगली जागा मिळाली, थंड हवा आहे. आई खूश झाली. केस चालू आहे. मला दोनदा बोलावलं, दोन्ही वेळा जे लिहिलं तेच सांगितलं. पुढे माझं काय होईल, माहीत नाही. पोस्टमन हॉटेलात आला की आधी पाकिटावरचं नाव बघतो. सुनावणीला भाऊ बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसतात. एकदा मला खोकला आला तेव्हा त्यांनी पाण्याची बाटली बाकावरून माझ्याकडे ढकलली. त्यांचे उपकार मोजायला बसलो तर त्या बाटलीपाशी अडखळतो.

मावशींचा मात्र एकदा फोन आला. तो तिसरा, ओबडधोबड बोर्ड भाऊंनी मागवला आणि एकट्यानेच बसवला, म्हणाल्या. बारीक स्क्रू हातातून निसटायचे, मग त्यांनी दातात धरून लावले. एकवीस नंबरला शून्य नाही टाकलं. मशीन आता मधेच थांबत नाही, टोकाला गेलं तर मात्र लगेच थांबतं. पहिली पाटी त्यांच्याच दारासाठी केली.

मी विचारलं, बघायला येऊ का?

मागे मशीनचा आवाज येत होता. मग मावशी म्हणाल्या, "त्याला ईचारते आन् फोन करते, लेकरा."

त्या फोनला दोन महिने झाले, दुसरा आलेला नाही. मावशी विसरणाऱ्या नाहीत.